घरी असूनही ‘ग्राहक उपलब्ध नाही’ : पार्सल कुठे अडतं आणि दाद कुणाकडे मागायची

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आईसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र ऑनलाइन मागवलं, पैसे आधीच भरले. दोन दिवस मी घरातच होते, तरी ॲपवर ‘ग्राहक उपलब्ध नाही’ अशी नोंद आली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ‘डिलिव्हर्ड’ दिसलं, पण पार्सल आलेलंच नाही. कुरिअरवाले म्हणतात विक्रेत्याला विचारा, विक्रेता म्हणतो कुरिअरला विचारा. आता काय करू? आणि पुढच्या वेळी असं होऊ नये म्हणून काय करता येईल?

उत्तर : मी बरीच वर्षं कुरिअरच्या हबवर, म्हणजे पार्सलं जिथून वाटपाला निघतात त्या केंद्रावर, काम केलं आहे, आधी पार्सलं वाटली आणि नंतर हब सांभाळलं. त्यामुळे या ‘डिलिव्हर्ड’च्या मागे काय काय असू शकतं ते सविस्तर सांगतो. पण आधी तातडीचं.

‘डिलिव्हर्ड’ दिसल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस वाया घालवू नका. बऱ्याच ॲपवर ‘पार्सल मिळालं नाही’ हा तक्रारीचा पर्याय ठरावीक दिवसच उघडा असतो. शिवाय रायडरला, म्हणजे पार्सल वाटणाऱ्या मुलाला, कालचं पार्सल आठवतं, गेल्या आठवड्यातलं आठवत नाही. आजच शेजारी, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात आणि गावात तुमच्याच आडनावाची दुसरी घरं असतील तर तिथे विचारून या. हरवलं म्हणून नोंदलेलं पार्सल अशाच ठिकाणी सापडलं, हे मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. तिथे नसेल, तर ज्या ॲपवर पैसे भरले त्याच ॲपवर लेखी तक्रार करा. फोनवर बोलणं झालं असेल तरी तेच पुन्हा चॅटमध्ये लिहा, तक्रार क्रमांक घ्या आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा.

तक्रारीत नुसतं ‘पार्सल मिळालं नाही’ एवढंच लिहू नका. असं लिहा : “मला पार्सल मिळालेलं नाही आणि माझ्या वतीने कुणी घेतलेलं नाही. ज्याला दिलं त्याचं नाव, सही किंवा फोटो, ओटीपी टाकल्याची वेळ आणि डिलिव्हरीची नोंद करताना रायडरच्या मोबाइलवर दिसलेलं ठिकाण, हे सगळं द्या. आधीच्या दोन दिवशी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ लिहिलं आहे, त्या वेळी मला केलेल्या कॉलची नोंदही द्या.” या चार-पाच गोष्टी कुरिअरच्या यंत्रणेत असतात किंवा नसतात. असल्या तर पार्सल कुठे गेलं ते कळतं. नसल्या तर पोच दिल्याचा पुरावाच नाही, आणि मग पैसे अडवून ठेवायला विक्रेत्याकडे आधार उरत नाही.

कुरिअरच्या ऑफिसला फोन करायला हरकत नाही, पण दाद तिथे मागू नका. तुम्ही पैसे विक्रेत्याला दिलेत. कुरिअर विक्रेत्याने किंवा ॲपने नेमला, त्याचं बिलही तेच भरतात, म्हणजे कुरिअरचा ग्राहक विक्रेता आहे आणि विक्रेत्याच्या ग्राहक तुम्ही. कुरिअरकडून हरवलेल्या मालाचे पैसे कसे वसूल करायचे हा त्या दोघांमधला व्यवहार आहे, तुम्ही त्यात पडायचं कारण नाही. ‘कुरिअरला विचारा’ हे उत्तर मिळालं की शांतपणे एवढंच लिहायचं : “माझा व्यवहार तुमच्याशी आहे. कुरिअरकडे चौकशी तुम्ही करा आणि मला वस्तू किंवा पैसे द्या.”

आता हे घडतं कसं ते सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढच्या वेळी काय करायचं ते नीट कळणार नाही.

हबचा दिवस पहाटे सुरू होतो. मोठ्या सॉर्टिंग केंद्रातून गाडी येते, बॅगा उतरतात, प्रत्येक पार्सल स्कॅन होतं. ॲपवर ‘तुमच्या शहरात पोहोचलं’ असं जे येतं ते हे स्कॅन. मग रूटप्रमाणे ढीग लागतात आणि प्रत्येक रायडरच्या नावावर रनशीट, म्हणजे त्या दिवशी वाटायच्या पार्सलांची यादी, निघते. रनशीट निघाली, की ‘आउट फॉर डिलिव्हरी’चा मेसेज सगळ्यांना एकदम जातो. पार्सल तेव्हा अजून हबच्या फरशीवर असतं. रायडर निघेपर्यंत आणखी दीड-दोन तास जातात. सणाच्या सेलमध्ये तर त्या रनशीटवरचा काही माल गाडीवर बसतच नाही, तो तिथेच राहतो. पण मेसेज गेलेला असतो आणि तुम्ही वाट बघायला लागलेल्या असता.

बहुतेक ठिकाणी रायडरला पोहोचवलेल्या पार्सलमागे पैसे मिळतात. न पोहोचलेल्या पार्सलला काही नाही, आणि पेट्रोल बऱ्याचदा त्याच्याच खिशातलं. शहरात एका सोसायटीत एकाच फेरीत दहा पार्सलं उतरतात. तुमच्याकडे एका पार्सलसाठी घाट चढायचा, पुढे वस्तीपर्यंत कच्चा रस्ता, आणि परत यायचं. म्हणून दोन-तीन दिवसांची पार्सलं साठवून एकदाच त्या बाजूला जायचं, ही ग्रामीण रूटची उघड रीत आहे. रायडरच्या बाजूने ते समजण्यासारखंही आहे. खोटेपणा सुरू होतो तो संध्याकाळी.

रात्री हब बंद करताना रनशीटवरचं प्रत्येक पार्सल ‘क्लोज’ करावं लागतं. पोहोचलं किंवा नाही, आणि नसेल तर कारण. कारणं मोबाइलवर तयार यादीतून निवडायची असतात : ग्राहक उपलब्ध नाही, ग्राहकाने पुढची तारीख मागितली, पत्ता अपुरा, फोन लागत नाही, घेण्यास नकार. ‘आज त्या बाजूला गेलोच नाही’ असं लिहिलं तर तो हबचा दोष ठरतो, हबचा वेळेत वाटपाचा आकडा खाली येतो आणि वरून फोन येतो. ‘ग्राहक उपलब्ध नाही’ लिहिलं, की दोष ग्राहकाच्या नावावर जातो आणि कुणी काही विचारत नाही. खोट्या नोंदींचं मूळ इथे आहे. वरिष्ठांना फक्त आकडा हवा असतो, तो आकडा खालच्या माणसाकडून या मार्गाने मिळतो, आणि दिवसभर दाराकडे कान लावून बसलेल्या माणसाला आपण घरी नव्हतो असं वाचावं लागतं. मला याची चीड आहे. ‘गेलो नाही’ हे खरं कारण बिनदंड लिहू दिलं असतं, तर निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या असं माझं स्पष्ट मत आहे.

या खोट्या नोंदींचा तुम्हाला थेट तोटाही होतो. साधारण तीन फेऱ्या फसल्या की पार्सल आपोआप परतीच्या वाटेला लागतं, त्याला आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणतात. म्हणून पहिली खोटी नोंद दिसली त्याच संध्याकाळी ॲपवर ‘मी घरी होते, कुणी आलं नाही, फोनही आला नाही, पुन्हा पाठवा’ असं लिहायला हवं. न पोहोचलेल्या पार्सलांची यादी रोज विक्रेत्याकडे जाते आणि ‘पुन्हा प्रयत्न करा’ हा आदेश तिथूनच हबला येतो. तो वेळेत आला, तर परती थांबते.

आता ‘डिलिव्हर्ड’ची खोटी नोंद. याला हबवर ‘फेक मार्क’ म्हणतात आणि त्याचे तीन-चार प्रकार असतात. एक म्हणजे मुदत संपत आलेली असते, म्हणून रायडर आज ‘डिलिव्हर्ड’ करतो आणि उद्या सकाळी पार्सल आणून देतो. दुसरा, पार्सल दुकानात किंवा भलत्याच घरात दिलेलं असतं. एका गावात शिंदे नावाची चाळीस घरं असली आणि लेबलवर नुसतं ‘एस. शिंदे’ असलं तर दुसरं काय होणार? तिसरा, ओटीपी फोनवरून घेतलेला असतो. “ताई, मी खाली आलोय, ओटीपी सांगा, दुकानात ठेवून जातो,” असं म्हणून. आणि चौथा प्रकार चोरीचा. चोरी होते, नाही असं नाही, मोबाइल फोनच्या खोक्यांची तर होतेच. पण रक्तदाबाच्या यंत्रासाठी नोकरी घालवणारा माणूस मी पाहिलेला नाही. तुमच्या बाबतीत पहिल्या दोनांपैकीच काहीतरी असावं.

ओटीपीबद्दल मात्र कडक राहा. पार्सल हातात घेतल्याशिवाय तो सांगायचा नाही, मग रायडर रोजचा ओळखीचा का असेना. ओटीपी टाकला गेला की यंत्रणेच्या लेखी तुम्ही पार्सल घेतलंत, आणि वर सांगितलेल्या तक्रारीतली सगळ्यात भक्कम बाजू तिथेच संपते. तुम्ही कुणालाही ओटीपी दिला नसेल तर तक्रारीत ते पहिल्या ओळीत लिहा.

फोन न लागण्याची एक खरी अडचणही आहे. बऱ्याच कंपन्या रायडरला तुमचा नंबर दाखवत नाहीत. तो ॲपमधून कॉल करतो आणि तुमच्याकडे बंगळुरू किंवा मुंबईचा अनोळखी नंबर दिसतो. अनेकांच्या फोनवर तो ‘स्पॅम’ म्हणून लाल होतो. रायडर गावच्या फाट्यावर उभा राहून दोनदा कॉल करतो, कुणी उचलत नाही, तो निघून जातो. त्या दिवशीचं ‘ग्राहक उपलब्ध नाही’ त्याच्या दृष्टीने खरं असतं. ‘आउट फॉर डिलिव्हरी’चा मेसेज आला त्या दिवशी अनोळखी फोन उचला, आणि घरात असणाऱ्या दुसऱ्या माणसाचाही नंबर पत्त्यातच लिहा.

हाच अनोळखी फोन भामट्यांच्याही कामाचा आहे. ‘पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकलं आहे, लिंकवर पाच रुपये भरा’ हा मेसेज सगळ्यांना येऊन गेला असेल. ज्याचं पार्सल खरोखर अडकलेलं असतं तो या जाळ्यात चटकन सापडतो, म्हणून तुम्हाला खास सांगतो. कुठलाही खरा रायडर पत्ता दुरुस्त करायला पैसे मागत नाही. ‘रायडरशी बोलण्यासाठी हा नंबर दाबा’ म्हणून तारकेच्या चिन्हाने सुरू होणारा आकडा पाठवला, तर तो अजिबात दाबू नका. त्याने तुमचे फोन दुसरीकडे वळवले जातात आणि बँकेचे कॉलवरून येणारे ओटीपी तिकडे जातात. पैसे गेले तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आता पत्ता. गावाकडच्या पार्सलांचा अर्धा घोळ इथे होतो आणि तो बऱ्यापैकी तुमच्या हातात आहे.

पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मराठीच होते, टपाल खात्यातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या रचनेत पहिला आकडा विभागाचा, म्हणून महाराष्ट्र-गोव्याचे सगळे पिन ४ ने सुरू होतात. पहिले तीन आकडे मिळून सॉर्टिंगचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय सांगतात. म्हणजे पिन टपाल कार्यालयाचा असतो, गावाचा नाही. एका पिनखाली कितीतरी गावं आणि वाड्या येतात. आपल्याकडे ‘मु. पो.’ लिहायची पद्धत याच व्यवस्थेतली. मुक्काम आणि पोस्ट एकच असेल तर ‘मु. पो. अमुक’, वेगळं असेल तर ‘मु. अमुक, पो. तमुक’.

खासगी कुरिअरचं टपाल खात्याशी काही देणंघेणं नाही, पण त्यांचं पार्सल कुठल्या हबला जायचं हे संगणक पिनवरूनच ठरवतो. पत्त्यात गावाचं नाव बरोबर आणि पिन मात्र सवयीने साताऱ्याचा ४१५००१ टाकला, की पार्सल शहराच्या हबला जातं. तिथला रायडर गावाचं नाव बघतो, ते त्याच्या रूटवर नाही, म्हणून ‘पत्ता अपुरा’. मग ते दुसऱ्या हबला पाठवायचं की परत, यात दोन-तीन दिवस जातात. पिन माहीत नसेल तर आधार कार्डावर किंवा टपाल कार्यालयात खात्री करून घ्या. शेजारच्या गावाचा पिन ‘चालतो’ असं समजू नका.

आणि पत्ता रायडर येतो त्या क्रमाने लिहा. ‘मंदिराजवळ’ याचा उपयोग नाही, गावात पाच मंदिरं असतात. “एसटी स्टँडवरून खालच्या आळीचा रस्ता, जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे डावीकडे तिसरं घर, निळं गेट” असं लिहिलं तर नवा मुलगाही येतो. मळ्यात राहत असाल तर फाट्याचं नाव आणि फाट्यापासूनचं अंतर लिहा. नाव पूर्ण लिहा, वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट, कारण गावात आडनावावरून घर सापडत नाही. पत्ता मराठीत लिहायचा मोह मलाही होतो, पण काही लेबलांवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोन छापलेले मी पाहिले आहेत. तेव्हा ॲपमध्ये इंग्रजी लिपीत लिहा आणि खुणा मराठी शब्दांच्याच ठेवा. टपाल खात्याने मे २०२५ मध्ये आणलेला डिजिपिनही काढून ठेवा. साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनाला दहा अक्षर-अंकांचा एक संकेत, अशी ती योजना आहे, त्यामुळे मळ्यातलं घरसुद्धा नेमकं दाखवता येतं. कुरिअरचे सगळे हब तो वापरत नाहीत, पण सूचनेच्या रकान्यात लिहून ठेवायला काही लागत नाही.

शहरातल्या वाचकांसाठी थोडक्यात. तिथे पार्सल घरापर्यंत येतं, पण गेटवर अडतं. वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलेलं पार्सल ‘डिलिव्हर्ड’ मानलं जातं, म्हणून ‘गेटवर ठेवू नका’ किंवा ‘गेटवर चालेल’ यांपैकी एक ॲपमध्ये नोंदवून ठेवा. जुन्या वाड्यांत आणि चाळींत मजला आणि जिना लिहिलात तरी पुरे.

वस्तू महाग असेल, तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. टेप कापण्याआधी खोक्याच्या सगळ्या बाजू आणि लेबल दिसू द्या आणि मग न थांबता आतली वस्तू बाहेर येईपर्यंत चालू ठेवा. मधे तुटलेला व्हिडिओ तक्रारीत टिकत नाही. खोकं फाटलेलं किंवा टेप दुसऱ्यांदा लावल्यासारखी दिसली, तर घेऊच नका. नकार देणं तुमचा हक्क आहे आणि नंतर भांडण्यापेक्षा ते कितीतरी सोपं.

कायद्याचा आधार भक्कम आहे आणि तो लोक पुरेसा वापरत नाहीत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे प्रत्येक विक्री-ॲपला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याचं नाव आणि संपर्क ॲपवर द्यावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात ती निकाली काढावी लागते. ॲपच्या चॅटमध्ये दोनदा तेच तयार उत्तर आलं, की त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. त्याच नियमांत असंही आहे की सांगितलेल्या मुदतीनंतर माल पोहोचला, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. आटोक्याबाहेरच्या आपत्तीमुळे उशीर झाला असेल तेवढा अपवाद. म्हणजे उद्या यंत्र आलं आणि तोवर तुम्ही दुसरं घेतलेलं असलं, तरी मार्ग बंद होत नाही.

त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे मराठीत बोलता येतं. त्यांना निकाल द्यायचा अधिकार नाही, ते तक्रार कंपनीकडे पुढे पाठवतात. तरी तिथून गेलेली तक्रार कंपनीतला वेगळा माणूस बघतो, आणि एवढ्या रकमेचं प्रकरण बहुतेक वेळा इथेच मिटतं. नाहीच मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागत नाही, ऑनलाइन दाखल करता येते आणि मुदत दोन वर्षांची आहे.

एक वेगळी बाजू जाता जाता सांगतो, कारण दिवाळीत तुमच्यापैकी अनेकजण मुलांना परदेशी फराळ पाठवतात. तिथे कुरिअरला पैसे तुम्ही देता, म्हणजे ग्राहक तुम्हीच. पण मग पावतीवरच्या बारीक अटीही तुम्हाला लागू होतात. १९९६ मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सही केलेल्या पावतीवरची भरपाईच्या मर्यादेची अट ग्राह्य धरली आणि पाठवणाऱ्याला भरपाई मिळाली ती फक्त १०० डॉलर. म्हणून सही करण्याआधी मालाची किंमत लिहून घ्या आणि विमा विचारा. वजनाचाही हिशोब आधी करून जा. लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून साधारण ५००० ने भागतात, आणि ते वजन व खरं वजन यांत जे जास्त असेल त्याचे पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची प्रत्येकी ४० सेंटिमीटर असलेलं खोकं १२.८ किलोचं धरलं जातं, मग आत ८ किलोचाच चिवडा-चकली का असेना. खोकं लहान घ्या आणि मोकळी जागा ठेवू नका.

रायडरविषयी एक विनंती. तक्रार जरूर करा, पण ती ‘माझ्या पार्सलच्या नोंदी खोट्या आहेत, चौकशी करा’ अशी असू द्या. एखाद्या मुलाचं नाव घेऊन केलेल्या तक्रारीत बऱ्याचदा त्याच्या पगारातून पैसे कापून प्रकरण मिटवतात आणि हबवरची रीत तशीच चालू राहते. नोंदींबद्दल विचारलं की उत्तर हबला द्यावं लागतं.

तुमचं पार्सल उद्या-परवा दारात येण्याची शक्यता अजून आहे. पैसे परत मिळाल्यावर ते आलं, तर घेऊ नका आणि ॲपवर तसं कळवा. पण आईचा रक्तदाब रोज मोजायचा असेल तर त्यासाठी थांबू नका. तालुक्याच्या मेडिकलमधून आजच यंत्र घ्या, दंडावर बांधायचा पट्टा आईच्या मापाचा आहे ना ते तिथेच लावून बघा, आणि बिल जपून ठेवा. प्रकरण आयोगापर्यंत गेलं तर ते बिल तक्रारीला जोडता येतं.